थंडी खालून येते

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे ते गोधडीविषयी. हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. गोधडीत काय सांगावयाचे आहे? जन्मलो गोधडीत, वाढलो गोधडीत. आता प्राध्यापकाने येऊन गोधडी कशी घ्यावी हे शिकवावयाचे म्हणजे माशाला पोहणे शिकवण्यासारखेच झाले. परंतु ज्या गोधडीची गोष्ट मी सांगणार आहे ती अंगावर घ्यावयाची नाही आणि अंगाखाली अंथरावयाचीही नाही. ती अंगाच्या खाली, पण अंगाचा भार तिच्यावर पडणार नाही अशी, अधांतरी टांगावयाची असते. झाडाला बांधलेल्या झोळीत जे लोक रात्री मुक्काम करतात, त्यांच्यासाठी ही गोधडी निघाली. इंग्रजीत तिला ‘अंडरक्विल्ट’ म्हणतात. आपण तिला सरळ ‘खालची गोधडी’ म्हणू.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे, आणि फजितीतून शिकलेले लवकर विसरत नाही.

२०१८ सालच्या डिसेंबरात मी आमच्या महाविद्यालयातील चौदा विद्यार्थी घेऊन घाटमाथ्यावरच्या एका वाडीजवळ मुक्कामाला गेलो होतो. मी भूगोलाचा मास्तर. नकाशा वाचणे, उतार मोजणे, ओढ्याचा उगम पाहणे, असा आमचा कार्यक्रम होता. अलीकडे मुलांमध्ये झोळ्या टांगून झोपण्याची हौस आली आहे. दोघा मुलांनी नायलॉनच्या झोळ्या आणल्या होत्या. रात्री दोन आंब्यांच्या मध्ये त्या बांधल्या. एकीत मी निजलो, दुसरीत दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. अंगावर माझ्या घरची जाड रजई आणि त्याच्या अंगावर दोन सोलापुरी चादरी. बाकीची मुले वाडीतल्या पडवीत पेंढा अंथरून झोपली. मला वाटले, आपण गादीवर आहोत आणि मुले बिचारी जमिनीवर.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. छातीवर ऊब होती, आणि पाठ मात्र थंडगार. रजई आणखी ओढून घेतली, तरी फरक नाही. कुशीवर वळलो, तर ती कूस गार पडली. शेजारच्या झोळीतून दात वाजण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, “काय रे, थंडी वाजते का?” त्याने काही उत्तर दिले, पण शब्द नीट फुटेनात. तेव्हा मात्र मी घाबरलो. त्याला धरून उठवले, पडवीत नेले, पेंढ्यावर बसवले. घरातले म्हातारे आजोबा जागे झाले. त्यांनी चूल पेटवली, घोंगडे आणले, ते अर्धे खाली आणि अर्धे वर असे मुलाच्या भोवती गुंडाळले आणि गुळाचा गरम चहा पाजला. तासाभराने मुलगा माणसात आला. मग आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, थंडी वरनं न्हाई येत, खालनं येती. शेरडं बी वारं नसंल तितं भुई बघून बसत्यात.”

चौदा मुलांची जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसाला याहून थोडक्यात कोणी धडा दिला नसेल. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. पण त्या रात्री ते माझ्या पाठीला कळले.

आता यामागचे कारण पाहू. रजई किंवा घोंगडे आपल्याला ऊब देते असे आपण म्हणतो. वास्तविक ते काही देत नाही. ऊब आपलीच. झोपलेल्या माणसाच्या शरीरात दर क्षणाला सुमारे ७० ते ८० वॉट उष्णता तयार होते. पूर्वी घरोघर ६० वॉटचा पिवळा दिवा असे. त्याहून थोडी अधिक. ही उष्णता बाहेर निसटू न देणे एवढेच पांघरुणाचे काम. आणि ते काम कापूस करत नाही, लोकरही करत नाही; त्यांच्या तंतूंत अडकलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ओले कपडे अंगाला इतके गार लागतात.

आता स्थिर हवा अडकवून ठेवावयाची तर पांघरूण फुगलेले पाहिजे. नवी पिंजलेली रजई आणि पाच वर्षे वापरून चपटी झालेली रजई, दोहोंत कापूस तेवढाच असतो. पण ऊब पहिलीत अधिक. पिंजारी कापूस वाढवत नाही, तो हवा भरतो.

झोळीत निजल्यावर काय होते? वरची रजई फुगलेली राहते, म्हणून छाती उबदार. परंतु पाठीखाली जे काही असेल, मग ती चादर असो, रजईची घडी असो की स्लीपिंग बॅग असो, ते शरीराच्या भाराने चेपले जाते. त्यातली हवा निघून जाते. उरते ते कागदासारखे पातळ कापड. आणि त्याच्या खालून वारा वाहत असतो. जमिनीवर निदान वारा पाठीला लागत नाही. झोळीत तो चारी बाजूंनी खेळतो. पाठ तापवील तेवढी हवा तो घेऊन जातो आणि नवी थंड हवा आणून ठेवतो.

शिक्षक मित्रांसाठी एक ठोकळ हिशेब देतो. वर्गात फळ्यावर मांडता येईल. पाठीचा व मांड्यांचा मिळून अर्धा चौरस मीटर भाग झोळीला टेकला आहे असे धरा. कातडीचे तापमान ३३ अंश सेल्सिअस, बाहेरचे १० अंश; फरक २३ अंशांचा. फुगीर भरणाची उष्णतावाहकता सुमारे ०.०४ धरू. भरण पाच सेंटिमीटर जाड असेल तर ०.०४ गुणिले ०.५ गुणिले २३ भागिले ०.०५, म्हणजे सुमारे ९ वॉट उष्णता पाठीतून जाते. तेच भरण चेपून अर्धा सेंटिमीटर उरले, तर उत्तर दहापट होते : सुमारे ९२ वॉट. म्हणजे झोपेत शरीर जेवढी उष्णता तयार करते तेवढी, किंबहुना त्याहून अधिक, एकट्या पाठीतून निघून जाते. प्रत्यक्षात कापडाला चिकटलेला हवेचा पातळ थर थोडी मदत करतो, आणि वारा ती मदत हिरावून घेतो. तेव्हा आकडा थोडा खालीवर होईल, पण तात्पर्य बदलत नाही. छातीवर चार रजया घातल्या तरी पाठीचे हे भोक बुजत नाही. खालून फुटलेल्या रांजणाला वरून झाकण लावून काय उपयोग?

यावर उपाय दोन. एक म्हणजे झोळीत पाठीखाली फोमची पट्टी घालणे. ती चेपत नाही, म्हणून ऊब धरते. स्वस्त असते, पावसात भिजत नाही. पण झोळी वक्र, पट्टी सरळ. रात्री कूस बदलली की पट्टी सरकते आणि खांदा उघडा पडतो. शिवाय पाठीला घाम येतो तो तिच्यावरच साचतो. दुसरा उपाय म्हणजे खालची गोधडी. ही झोळीच्या बाहेर, तिच्या तळाला लागून टांगलेली असते. दोन्ही टोकांना लवचीक दोरी असते. भार सगळा झोळीवर; गोधडी नुसती पोटाशी धरल्यासारखी झोळीला बिलगून राहते. भार नाही म्हणून चेपणे नाही. चेपणे नाही म्हणून हवा टिकते, आणि हवा टिकते म्हणून ऊब टिकते.

झोळी ही वस्तू मूळची कॅरिबियन बेटांवरची. तेथल्या ताइनो लोकांच्या ‘हमाका’ या शब्दावरून स्पॅनिश आणि मग इंग्रजी शब्द आला. १४९२ साली कोलंबस तेथे पोहोचला तेव्हा लोक टांगलेल्या जाळ्यांत निजत होते. उष्ण बेटांवर खालून वारा लागणे हे सुखच. पुढे ही झोळी थंड मुलखात गेली आणि तेथे प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलेशियन पायवाट आहे. तिच्यावर महिनोन्‌महिने चालणारे कित्येक लोक आता तंबूऐवजी झोळी वापरतात. जमीन ओली असो, उताराची असो, दगडांची असो. दोन झाडे मिळाली की बिछाना तयार. अशाच वाटसरूंमध्ये खालच्या गोधडीचा वापर रुळला आणि अनेक कारागीर ती शिवून विकू लागले. वस्तू उष्ण देशातली, दुरुस्ती थंड देशातली.

आपल्याकडे तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सह्याद्रीत भटकणारी मुले ती वापरू लागली आहेत, ही एक गोष्ट. पण तत्त्व तेच आहे ते आपल्या रोजच्या जिण्यातही. हरभऱ्याच्या किंवा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर निजणारा शेतकरी, रात्रीच्या विजेवर पाणी देऊन ओल्या पायांनी बाजेवर टेकणारा माणूस, उसाच्या फडाजवळ उघड्यावर बाज टाकणारा मुकादम, हे सगळे खालून थंडी खातात. जमिनीवर निजू नये हे खरे आहे. मण्यारीसारखा साप रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. म्हणून उंचावर निजणे आणि मच्छरदाणी नीट खोचणे शहाणपणाचेच. पण उंचावर गेले की खालचा वारा सोबत येतो. सुंभाची बाज म्हणजे चार पायांवरची झोळीच समजा. तिच्यावर पांघरुणापेक्षा अंथरुणाची चिंता आधी करावी.

आता खालची गोधडी निवडावयाची कशी ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न : कोठे आणि केव्हा निजणार? दुकानात गोधडीवर तापमानाचा आकडा लिहिलेला असतो : ४ अंश, उणे ७ अंश, उणे १८ अंश. हे आकडे चमत्कारिक वाटतात, कारण ते मूळचे फॅरनहाइटमधले चाळीस, वीस आणि शून्य आहेत. स्लीपिंग बॅगेसाठी आयएसओ २३५३७ असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सुखाचे तापमान सर्वसाधारण स्त्रीसाठी आणि मर्यादेचे तापमान सर्वसाधारण पुरुषासाठी धरतात. हे मानक खालच्या गोधडीला लागू नाही. तिच्यावरचा आकडा हा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो, आणि तो बहुधा ‘जेमतेम रात्र निघेल’ अशा अर्थाचा असतो. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंशांची शिल्लक ठेवावी. ज्यांना थंडी अधिक बाधते त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी व कृश माणसांनी, थोडी आणखी.

आपल्या घाटमाथ्यावर हिवाळ्यातील रात्री बहुधा ८ ते १२ अंशांच्या आसपास जातात. थंडीची लाट आली की पारा ५ अंशांकडे झुकतो. निफाडकडच्या मंडळींना तर ५ अंशांच्या खालीही तो गेल्याचे ठाऊक आहे. म्हणजे ४ अंशांचा शिक्का असलेली गोधडी साधारण रात्रींना पुरते. लाटेत जावयाचे असेल तर त्याहून एक पायरी जाड घ्यावी, नाही तर फोमची पट्टी जोडीला ठेवावी. हिमालयासाठी निराळा हिशेब. उणे १८ची गोधडी सह्याद्रीत नेणे म्हणजे ओझे वाहणे आणि घामाघूम होणे. आणि घाम म्हणजे ओल, ओल म्हणजे पुन्हा थंडी.

येथे भूगोलाचा एक मुद्दा सांगून टाकतो. उंच जावे तसे थंड होत जाते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हा नियम उलटतो. थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत येते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला गावापेक्षा वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठून पांढरे हिमकण दिसतात, ते यामुळेच. तेव्हा झोळी ओढ्याच्या काठी, दरीच्या तळाला बांधू नये. अगदी माथ्यावर, वाऱ्याच्या तोंडीही नको. उताराच्या मधल्या टप्प्यावर, वाऱ्याला आडोसा असेल तेथे बांधावी. चांगली जागा ही फुकट मिळालेली अर्धी गोधडी आहे.

दुसरा प्रश्न : भरण कशाचे? येथे मुख्यतः दोन जाती. एक बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या मऊ पिसांची. हिला ‘डाऊन’ म्हणतात. वजनाने सर्वांत हलकी, दाबली की मुठीएवढी होते, सोडली की फुगते. तिची प्रत फुगण्यावरून ठरते. ८०० प्रतीची पिसे म्हणजे एक औंस, अर्थात सुमारे २८ ग्रॅम पिसे ८०० घन इंच जागा व्यापतात. लिटरमध्ये सुमारे १३. म्हणजे मूठभर वजनात एक कळशी भरली. ६०० प्रतीची तेवढीच पिसे दहा लिटरांच्या थोडी आत राहतात. पण पिसांचा दोष असा की भिजली की ती गोळा होऊन बसतात आणि ऊब संपते. वाळवावयालाही वेळ लागतो. दुसरी जात कृत्रिम तंतूंची. त्याच उबेसाठी ही दीडपट किंवा त्याहून जड होते, पिशवीत जागा खाते, पुष्कळ वर्षांनी फुगीरपणा गमावते; पण ओलसर झाली तरी काही ऊब राखते, लवकर वाळते, आणि स्वस्त असते.

माझे मत विचाराल तर पावसाळ्याच्या शेवटी किंवा दाट धुक्याच्या, दवाच्या दिवसांत जाणाऱ्याने कृत्रिम तंतूंची घ्यावी. कोरड्या हिवाळ्यात लांबचे अंतर चालणाऱ्याने, आणि खिशाला परवडत असेल तर, पिसांची. शाळेसाठी, जेथे वस्तू दहा हातांतून जाते, तेथे कृत्रिम तंतूंचीच योग्य.

तिसरा प्रश्न : लांबी किती? पूर्ण लांबीची गोधडी डोक्यापासून पायापर्यंत जाते. पाऊण लांबीची खांद्यापासून गुडघ्यांच्या खालपर्यंत, सुमारे साडेचार फूट. तीत वजन व पैसा वाचतो. पण पायांखाली फोमचा छोटा तुकडा किंवा घडी केलेले घोंगडे घालावे लागते, आणि डोक्याला कानटोपी लागते. नवशिक्याने पूर्ण लांबीची घ्यावी. कारण रात्री माणूस झोळीत सरकतो, आणि पाऊण गोधडी कोठे राहिली हे पहाटेच कळते.

चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : ती बिलगते कशी? महाग गोधडी सैल टांगली तर तिचा काही उपयोग नाही. झोळी आणि गोधडी यांमध्ये पोकळी राहिली की तीत थंड हवा खेळते. उलट, दोरी फार ताणली तर झोळीचा तळ गोधडीला दाबतो आणि पुन्हा चेपण्याचा दोष येतो. याची परीक्षा सोपी आहे. एकाने झोळीत निजावे. दुसऱ्याने बाजूने हात घालून पाहावे. झोळीचे कापड आणि गोधडी एकमेकांना लागलेली असावीत, पण गोधडी फुगलेली राहिली पाहिजे. दोन्ही टोकांना नेफ्यात नाडी असते, ती ओढून तोंडे बंद करावीत. नाही तर वारा एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघतो. घेताना नेफा, नाडी, दोरीचे आकडे हे सर्व हाताने ओढून पाहावे. शिवण चांगली असेल तर आतला थर बाहेरच्या थरापेक्षा थोडा अरुंद बेतलेला असतो; त्यामुळे गोधडी वक्र झाली तरी भरण दाबले जात नाही.

पाचवा प्रश्न : कापड आणि वरचे छप्पर. बाहेरचे कापड विणीला घट्ट हवे, म्हणजे वारा आरपार जाणार नाही. पण मेणकापडासारखे बंद नको, नाही तर अंगातली वाफ आत अडकून भरण ओलावते. आणि झोळीच्या वर ताडपत्री ही पाहिजेच. पाऊस नसला तरी दव पडते, आणि उघडे आकाश शरीराची उष्णता शोषून घेते. झाडाखाली निजावे की उघड्यावर, या वादाचा निकाल आपल्या आज्यांनी कधीच लावला आहे : पोराला उघड्या आभाळाखाली निजवू नको.

आता खर्चाची गोष्ट. विकतची चांगली गोधडी काही हजार रुपयांची, पिसांची तर त्याहून पुष्कळ महाग. खेड्यातील शाळेला किंवा शेतकऱ्याला ती कशी परवडावी? पण ही वस्तू घरी शिवता येते, आणि तेथे आपल्या आया-मावश्यांची विद्या उपयोगी पडते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. आपली गोधडी दाट धावदोऱ्याने शिवतात. ती टिकाऊ होते, पण प्रत्येक टाक्याच्या ओळीवर जाडी शून्य होते. तेथून थंडी आत येते. अंगाखाली अंथरावयाला ते चालते. टांगावयाच्या गोधडीत टाके विरळ, वीतभर अंतरावर घालावेत, फक्त भरण सरकू नये एवढेच.

हलक्या, घट्ट विणीच्या नायलॉन कापडाचे साडेचार फूट लांब व चार फूट रुंद असे दोन तुकडे घ्यावेत. मध्ये गादीवाल्याकडे मिळणारा कृत्रिम तंतूचा दोन बोटे जाड थर घालावा. कडेने टीप मारावी. आखूड बाजूंना नेफे शिवून नाड्या ओवाव्यात. चारी कोपऱ्यांना पट्टीचे फासे शिवून त्यांतून लवचीक दोरी घालावी आणि ती झोळीच्या दोन्ही टोकांना बांधावी. शिवणयंत्र असलेल्या घरात हे एका दुपारचे काम. ज्यांच्या रानात सावर आहे त्यांनी सावरीच्या कापसाचा प्रयोग करून पाहावा. तो वजनाला हलका असतो आणि पाणी सहज शोषत नाही. पूर्वी बोटीवरच्या तरंगत्या जाकिटांत तोच भरत. त्याचा दोष म्हणजे दाबाने तो लवकर चपटा होतो. परंतु टांगलेल्या गोधडीवर दाबच नसतो. साधा कापूस मात्र येथे नको. तो जड, आणि दव लागले की ओला. बाजेवर निजणाऱ्याने तर एवढेच करावे : बाजेवर आधी कडब्याचा किंवा पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर घोंगडे, मग माणूस. पोकळ काड्या सहज चेपत नाहीत. त्यांत हवा राहते. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. आजोबांचे ते शास्त्र पुस्तकात नव्हते, पण पुस्तकाच्या विरुद्धही नव्हते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. सारख्या दोन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. दोन्हींभोवती तेवढाच कापूस गुंडाळा. एकीभोवती सैल, फुगीर. दुसरीभोवती दोरीने करकचून आवळून. दर दहा मिनिटांनी तापमापकाने तापमान घेऊन मुलांना आलेख काढावयास सांगा. मग तिसऱ्या बाटलीला ओला कापूस लावून पाहा. हे आलेख मुले विसरणार नाहीत, आणि सहलीला जाताना काय बांधून न्यावे हे त्यांना सांगावे लागणार नाही.

शेवटी दोन शब्द सावधगिरीचे. झोळी जिवंत, जाड झाडांनाच बांधावी. रुंद पट्ट्यांनी बांधावी, म्हणजे साल कापत नाही. वर पाहावे : वाळकी फांदी नाही ना, आग्या मोहोळ नाही ना. झोळी खुर्चीच्या उंचीपेक्षा वर नको. जेथे मुक्कामाला परवानगी आहे तेथेच निजावे. नवी गोधडी थेट डोंगरावर नेऊ नये. आधी एक रात्र अंगणात निजून पाहावी. तेथे थंडी वाजली तर चार पावलांवर घर आहे. परत आल्यावर गोधडी उन्हात वाळवावी आणि सैल पिशवीत ठेवावी. वर्षभर दाबून ठेवली तर तिचा फुगीरपणा जातो.

आणि कोणाला थंडी फारच बाधली तर? शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. हुडहुडी थांबत नाही, बोलणे जड होते, पाय अडखळतात, माणूस विसरल्यासारखे वागतो. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढावेत, आधी खाली जाड अंथरूण आणि मग वर पांघरूण द्यावे. शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय पाजावे. हातपाय जोराने चोळू नयेत, आगीला चिकटून बसवू नये, दारू तर मुळीच देऊ नये. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, पण उष्णता अधिकच बाहेर जाते. हुडहुडी अचानक थांबली आणि माणूस गुंगू लागला, तर तो बरा झाला असे समजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

माझा तो विद्यार्थी आता एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दरवर्षी तो मुलांना घेऊन डोंगरात जातो. परवा भेटला तेव्हा मी विचारले, “मुलांना सामानाची यादी काय देतोस?” तो म्हणाला, “सर, पहिली ओळ एकच. पांघरूण नंतर, अंथरूण आधी.”

श्रोतेहो, माझ्या भाषणाचे सारही तेच आहे. आज रात्री निजताना एकदा हात खाली घालून पाहा, आपल्या अंगाखाली नक्की काय आहे. आणि घरात जो सर्वांत म्हातारा किंवा सर्वांत लहान असेल, त्याच्याही अंगाखाली एकदा हात घालून पाहा.